एका उसणेची कैफियत

माणसाला आपल्या मालकीच्या ज्या गोष्टी दुसऱ्यास दाखविल्यावाचून चैन पडत नाही, त्यांत नवे घर, मुलीच्या लग्नाचा आल्बम आणि स्वतःचे दुखणे यांची गणना प्राधान्याने करावी लागेल. पैकी पहिल्या दोहोंसाठी प्रेक्षकांचा बंदोबस्त आपणांस करावा लागतो, त्यांना चहा-चिवड्याचे आमिष दाखवावे लागते, आणि तरीही ते अर्ध्यावर घड्याळाकडे पाहू लागतात. दुखण्याचे तसे नाही. गृहस्थ एकदा अंथरुणाला खिळला की त्याची वर्दी आपोआप गल्लीभर जाते, प्रेक्षक न बोलावता हजर होतात, आणि त्यांच्यापैकी एकही रिकाम्या हाताने येत नाही. फळे नसली तरी प्रत्येकापाशी एक इलाज, एक मृत्यूची हकीकत आणि एक खात्रीचा डॉक्टर असतोच असतो.

आमचे वास्तव्य भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये आहे, ही गोष्ट प्रस्तुत कैफियतीत महत्त्वाची आहे. कारण हे शहरच मुळी वजन उचलण्यासाठी वसविले गेले. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून दल्ली-राजहराच्या डोंगरांतून खनिज उचलावे, ते भट्टीत ओतावे, वितळलेल्या लोखंडाने भरलेली राक्षसी भांडी क्रेनने अधांतरी न्यावीत आणि अखेरीस 130 मीटर लांबीचा एकसंध रूळ लाटून, असे दोन जोडून 260 मीटरचा रूळ आगगाडीच्या डब्यांवर चढवावा, हा येथील नित्यक्रम होऊन बसला आहे. या अवाढव्य उचलाउचलीत माझा वाटा हिशेबखात्यातील खुर्चीवर बसून, इतरांनी किती उचलले याची वहीत नोंद घेण्याचा होता. सेवानिवृत्त होईपर्यंत जमाखर्चाच्या वहीहून जड काही उचलण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही, आणि ती वहीसुद्धा बहुधा शिपाईच आणून ठेवीत असे. असा मी चैत्रातील एका दुपारी, पारा 45 अंशांकडे झेपावत असता, लोखंडी पत्र्याचा कूलर एकट्याने उचलावयास निघालो.

कूलर मागील पडवीत होता आणि तो पुढील खोलीच्या खिडकीबाहेरील स्टँडवर विराजमान करावयाचा होता. सौभाग्यवतींनी आपल्या स्वभावधर्मास अनुसरून सूचना केली, "अहो, शेजारच्यांना हाक मारा की. दोघं मिळून उचला."

"एवढ्याशा कूलरला दोघे कशाला?" मी म्हणालो.

हे वाक्य आजवर ज्या ज्या पुरुषांनी उच्चारले, त्यांची एक सूची करून ती अस्थिरोग विभागाच्या भिंतीवर लावावी, म्हणजे नव्या रुग्णांस आपण किती मोठ्या परंपरेचे पाईक आहोत याची जाणीव होऊन त्यांचे दुःख हलके होईल. मी पंचा कमरेला घट्ट आवळला, गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकलो, 'हुप्प' असा मारुतीस प्रिय असलेला उद्गार काढला आणि कूलर उचलला. त्याच्या टाकीत गेल्या हंगामाचे बादलीभर पाणी तसेच राहिले होते, हे मला तो जमिनीपासून वीतभर वर आल्यावर कळले. कारण ते पाणी एकाएकी डाव्या बाजूस धावले, त्याच्यामागून कूलर धावला आणि कूलरच्या मागून मी. त्याच क्षणी कमरेच्या किंचित वर, डाव्या अंगास, 'कट्' असा एक बारीकसा, परंतु निःसंदिग्ध ध्वनी झाला आणि मी जागच्या जागी स्थिर झालो. ती मुद्रा अशी होती की पुढून पाहणाऱ्यास मी नमस्कार करीत आहे असे वाटावे, बाजूने पाहणाऱ्यास बसत आहे असे वाटावे आणि मागून पाहणाऱ्याने काही न वाटून घेता निघून जावे. मागून पाहणारी आमची भांडीवाली होती. ती मात्र निघून गेली नाही.

"एदे! कनिहा धर लिस का, बाबूजी?" तिने छत्तीसगढीत निदान केले, आणि मी मान हलविण्याच्या स्थितीत नाही हे पाहून पुढील तजवीजही सुचविली, "बैगा ला बलावँव का?"

बैगा आला नाही; परंतु भांडीवाली पुढच्या घरी गेली, आणि चहाची वेळ होण्यापूर्वी सेक्टर 2 मधील ज्ञानी मंडळी आमच्या पुढील खोलीत रुजू होऊ लागली.

सर्वप्रथम आले ते कारखान्याच्या सुरक्षा विभागात जन्म घालविलेले शेजारी. त्यांनी माझ्याकडे न पाहता आधी कूलरची पाहणी केली, टाकीतील पाण्याची खोली बोटाने मोजली, सांडलेल्या पाण्याचा ओघ कोणत्या दिशेस गेला ते पाहिले, आणि मग पलंगाशी खुर्ची ओढून रीतसर जबानी घेण्यास आरंभ केला.

"आमच्या वेळचा कारखाना अधिनियम 1948, कलम 34," ते म्हणाले. "इजा होण्याचा संभव असलेला भार उचलण्याच्या कामावर कोणाही व्यक्तीस लावता येत नसे. तर, तुम्हाला या कामावर कोणी लावलं?"

सौभाग्यवती, ज्या इतका वेळ दाराशी उभ्या होत्या, त्या चहाचे आधण पाहण्यास म्हणून तत्काळ आत गेल्या.

"मी स्वतःच लागलो," मी म्हणालो.

हे उत्तर त्यांस गैरसोयीचे वाटले असावे; कारण कायद्याने मालक व कामगार या दोन व्यक्ती निराळ्या धरलेल्या आहेत. थोडा विचार करून ते पुढे म्हणाले की, विजेवर चालणाऱ्या ठिकाणी निदान दहा कामगार असल्यावाचून त्या अधिनियमाने त्यास कारखाना म्हणता येत नसे, सबब वीज असूनही आमचे घर त्याच्या कक्षेत आले नसते, आणि म्हणून माझी कंबर बेकायदेशीररीत्या मोडलेली नाही. शिवाय 1967 साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंची मर्यादा शिफारशीत घातली आहे. आमचा कूलर, टाकीतील पाण्यासह, त्यांच्या अदमासाने तिच्या पुष्कळच आत बसत होता. "तेव्हा भाराकडे दोष जात नाही," असा निकाल देऊन त्यांनी माझ्याकडे प्रथमच निरखून पाहिले, आणि दोष कोणाकडे जातो हे सांगण्याचे सौजन्याने टाळले.

त्यांच्या पाठोपाठ निरनिराळ्या खात्यांचे प्रतिनिधी येऊन दाखल झाले. पोलाद नगरीत राहण्याचा हा एक विशेष आहे की येथील प्रत्येक गृहस्थ मनुष्यदेहाकडे आपापल्या खात्यामार्फत पाहतो. रोलिंग मिलमधील गृहस्थांनी मला पालथे घालून एका डोळ्याने माझ्या पाठीची रेषा पाहिली आणि "अलाइनमेंट आउट है" असा शेरा मारला. क्रेनवर आयुष्य काढलेल्या सरदारजींना माझ्यापेक्षा कूलरची दया आली. "लोड सेंटर में लिया ही नहीं आपने," ते खेदाने म्हणाले, आणि दोन्ही हातांनी हवेतल्या हवेत एक काल्पनिक कूलर इतक्या अलगद उचलून दाखविला की जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. यांत्रिक दुरुस्तीच्या फिटरने "ग्रीसिंग कब से नहीं हुआ?" असा सवाल सौभाग्यवतींस केला आणि रोज सकाळी अनशापोटी दोन चमचे तूप देण्याचे फर्मान सोडले. त्यावर कोक ओव्हनवाल्यांनी तुपास सक्त हरकत घेऊन केवळ शेकाची शिफारस केली. जन्मभर दगडी कोळसा भाजणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करणे गैर होते. सर्वांत वडील अशा एका निवृत्त फोरमनने जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून जी मसलत दिली, तिचा मात्र मी अद्यापि आदर करतो : "इस उमर में कॅपिटल रिपेयर मत कराना. चालू मशीन को खोलना नहीं चाहिए."

हिशेबखात्यातील माझे जुने सहकारी अखेरीस आले. त्यांनी कोठे दुखते, केव्हापासून दुखते, यांपैकी काहीही विचारले नाही. "मेडिक्लेममध्ये बसतं का ते पाहिलंत?" एवढेच त्यांनी विचारले, आणि खरे सांगावयाचे तर त्या संबंध दिवसात माझ्या मनातला प्रश्न ओळखणारे ते एकटेच होते.

रात्री दूरध्वनीवरून परप्रांतीय सल्लागारांची पाळी सुरू झाली. नागपूरच्या मेहुण्यांनी निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला, पुण्याच्या मुलाने मोबाइलवर एक चित्रफीत धाडली, जीत एक सडपातळ तरुणी आपली कंबर उलट दिशेस वाकवून घोट्यांना हात लावीत 'अगदी सोपे आहे' असे हसतमुखाने सांगत होती, आणि गोंदियाच्या मावशींनी महानारायण तेलावाचून अन्य काहीही पाठीस लावल्यास पुन्हा तोंड दाखवू नये अशी तंबी दिली. ही तंबी पोहोचण्यापूर्वीच 1893 साली मुंबईत जन्मास आलेले आणि तेव्हापासून हिंदुस्थानच्या कपाळाचा ताबा घेऊन बसलेले अमृतांजन माझ्या पाठीवर चोळले गेले होते. त्यावर आयोडेक्सचा काळा थर बसला होता, त्यावर मिठाची पुरचुंडी फिरली होती, आणि आता मावशींचा मान राखण्यासाठी त्या सर्वांवर तेलाचा अभिषेक झाला. या संयुगातून जो दर्प उत्पन्न झाला त्यामुळे दुसऱ्या दिवशी भेटीस येणाऱ्यांच्या मुदतीत लक्षणीय घट झाली, एवढा या उपचाराचा गुण मान्य केला पाहिजे.

तथापि उसण हटेना. तेव्हा सौभाग्यवतींनी आपल्या माहेरचे रामबाण अस्त्र बाहेर काढले. "पायाळू माणसाची लाथ बसल्याशिवाय उसण जायची नाही," त्या म्हणाल्या.

जन्मताना मस्तकाऐवजी पाय पुढे करून जगात येणाऱ्या मनुष्यास आपल्याकडे पायाळू म्हणतात, त्याला भूमिगत धन दिसते असे मानतात, त्याच्यावर वीज पडते म्हणून आई त्याला पावसात घराबाहेर सोडत नाही, आणि उसण भरलेल्या पाठीस त्याचा पाय लागला की ती उतरते अशी महाराष्ट्रातील आबालवृद्धांची खात्री असते. महाराष्ट्रात असा माणूस प्रत्येक आळीत एखादा तरी ठाऊक असतोच. परंतु सेक्टर 2 हे अर्ध्या हिंदुस्थानाचे एकत्रित बिऱ्हाड. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, बिहार येथून माणसे आपापल्या बदलीचे व नेमणुकीचे दस्तऐवज घेऊन आली, पण आपण जगात कोणत्या टोकाने प्रविष्ट झालो याचा दाखला कोणीच सोबत आणला नव्हता. शिवाय ही चौकशी करावी तरी कशी? मी खिडकीपाशी उशांच्या आधाराने बसलो होतो. समोरून आमचे तेलुगू शेजारी भाजीची पिशवी घेऊन जाताना दिसले. मी धीर करून विचारले,

"भाईसाहब, आप पैदा कैसे हुए थे?"

ते थांबले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गुंटूर में," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते पलीकडच्या रस्त्याने जाऊ लागले.

अखेर भांडीवालीच्या दप्तरातून पत्ता लागला. तीन रस्ते सोडून राहणारे एक वयस्क बंगाली गृहस्थ पायाळू असल्याचे तिने त्यांच्या दिवंगत मातोश्रींच्याच तोंडून ऐकले होते. निरोप गेला आणि दादा आले; स्वच्छ धोतर, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर अपार संकोच. वयाने ते माझ्याहून धाकटे होते, आणि वडील माणसास पाय लावण्याच्या कल्पनेने त्यांचा जीव कासावीस झाला होता. म्हणून त्यांनी तोड अशी काढली की आधी वाकून माझ्या पायांना स्पर्श करावा, मनोमन क्षमा मागावी, आणि मग माझ्या पाठीस पाय लावावा. सौभाग्यवतींनी विधी समजावून सांगितला : पाय अलगद, तीन वेळा, वरून खाली. मी भिंतीला दोन्ही तळवे टेकवून उभा राहिलो. दादांनी माझ्या पायांची धूळ मस्तकी घेतली, चप्पल काढली, उजवा पाय उचलून क्षणभर हवेत तोलला, आणि "क्षमा कोरबेन" असे पुटपुटले.

हे दादा ऐन तारुण्यात कारखान्याच्या आंतरविभागीय फुटबॉल सामन्यांत लेफ्ट बॅक म्हणून खेळत असत, ही माहिती मला पहिल्या लाथेनंतर मिळाली. दुसरी व तिसरी लाथ घेण्यास मी नम्रपणे नकार दिला. उसणेविषयी म्हणाल, तर तिच्या जागेवर आता इतक्या निराळ्या प्रकारची वेदना स्थापित झाली होती की मूळची उसण आहे की गेली याचा निर्णय करणेच अशक्य झाले. या निकषावर पायाळूचा उपाय कधीही फसत नाही.

वाचक एव्हाना मनात म्हणत असतील की एवढे सर्व होत असता डॉक्टर कोठे होते. त्याचे उत्तर असे की डॉक्टर आपल्या घरी दार लावून बसले होते, आणि त्यांची ही सावधगिरी त्यांच्या आयुष्याकडे पाहिल्यास सर्वथा क्षम्य वाटते. आमच्या सेक्टरमधील हे सेवानिवृत्त डॉक्टर मूळचे अमरावतीकडचे, स्वभावाने गोड, आणि तोच त्यांचा घात झाला. वकिलास रस्त्यात गाठून कोणी मृत्युपत्र वाचून दाखवीत नाही, सोनाराला लग्नाच्या पंगतीत अंगठी वितळवून मागत नाही. परंतु डॉक्टर दिसला की सभ्य माणसाचीही जीभ आपोआप बाहेर येते. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाची वाटी तोंडाशी नेताना त्यांना कोणी मूळव्याधीचे रंगरूप सांगितले आहे. स्मशानात, चितेस अग्नी दिल्यावर, शेजारी उभ्या असलेल्या शोकाकुल आप्ताने "सहज विचारतो, जेवणानंतर 180 साखर म्हणजे फार का हो?" असे विचारले आहे. सुपेल्याच्या रविवार बाजारात, टोमॅटोच्या ढिगावर उन्हाकडे धरलेला कोणाच्या तरी सासूच्या गुडघ्याचा एक्स-रे त्यांनी पाहिला आहे, आणि ते पाहत असता टोमॅटोवालीनेही मान तिरकी करून तो पाहिला व "घिस गे हे" असा शेरा देऊन त्यांच्या निदानास दुजोरा दिला आहे. प्रश्न फुकट, उत्तर फुकट, आणि उत्तर मनाजोगते नसल्यास होणारी बदनामीही फुकटच.

यातून सुटण्यासाठी सकाळी तलावाकाठी फिरावयास जाताना ते वैशाखातही कानटोपी घालीत, तरी लोक त्यांना चालीवरून ओळखीत. एकदा एका अनोळखी गृहस्थास टाळण्यासाठी, "मी फक्त डोळ्यांचा डॉक्टर आहे," अशी थाप त्यांनी मारली. "बरं झालं," ते गृहस्थ म्हणाले, "डोळ्यांचंही विचारायचंच होतं."

अशा डॉक्टरांकडे मला दोघांनी दोन्ही बगलांत धरून नेले तेव्हा त्यांनी दार उघडले ते साखळी न काढता. मग माझी मुद्रा पाहून साखळी काढली.

"काय उचललं होतं, भाऊ?"

"काही विशेष नाही," मी म्हणालो.

"कूलर," सौभाग्यवती म्हणाल्या.

"पाण्यासकट," एक बगल धरलेले सुरक्षावाले म्हणाले.

डॉक्टरांच्या खोलीत पाऊल टाकताच रुग्णाची स्मृती कशी दगा देते हा एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांस जी कहाणी मी ध्वनी, दिशा व अभिनय यांसह ऐकविली होती, ती येथे "थोडं दुखतंय" या दोन शब्दांत आटोपली. आणि लाथेची हकीकत तर मी समूळ गाळली. परंतु पालथा झाल्यावर पाठीवरील टाचेचा ठसा त्यांना दिसलाच. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, पण काही विचारले नाही. मग मला उताणा करून त्यांनी माझा एकेक पाय गुडघ्यात न वाकविता वर उचलला. मणक्यातून निघणारी नस दबली असल्यास या वेळी पोटरीपर्यंत कळ जाते. माझी कळ कमरेशीच थबकली.

"स्नायू लचकलाय," ते म्हणाले. "मणका ठीक आहे, गादी ठीक आहे. आपोआप बरं होईल."

मी कमालीचा खट्टू झालो. आमच्या रस्त्यावर एका गृहस्थांची एल-4 व एल-5 यांच्या मधील गादी सरकली आहे, आणि सेक्टर, सडक व क्वार्टर यांच्या क्रमांकांनीच माणसे ओळखणाऱ्या या नगरात ते आपला हा नवा पत्ता इतक्या रुबाबाने सांगतात की ऐकणारा तो लिहून घेण्यासाठी खिसे चाचपतो. गादीची ही प्रतिष्ठा तशी जुनी नव्हे. 1934 साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार या दोन शल्यवैद्यांनी तिचा नसेवर पडणारा दाब सप्रमाण दाखविला, त्यापूर्वी अब्जावधी माणसे नुसतीच वाकडी होऊन गेली. पण म्हणून 1934 नंतर जन्मलेल्या मी स्नायूवर समाधान मानावे काय?

"एक्स-रे काढूया का?" मी सुचविले.

"कशाला? त्यात लचकलेला स्नायू दिसत नाही."

"बरोबर, पण भेटायला येणाऱ्यांना काहीतरी दाखवायला हवं ना."

त्यांनी ही दरखास्त फेटाळली. तेव्हा मी निदान सक्त विश्रांतीचा हुकूम तरी पदरात पाडून घ्यावा म्हणून विचारले, "मग किती दिवस पडून राहू?"

"पडून राहायचंच नाही," ते म्हणाले. "1995 साली फिनलंडमध्ये कंबर धरलेल्या माणसांचे गट करून पाहिलं. काहींना अंथरुणात ठेवलं, काहींकडून व्यायाम करवून घेतले, आणि काहींना जमेल तसं रोजचं काम चालू ठेवा म्हणून सांगितलं. रोजचं काम करणारे सर्वांत लवकर बरे झाले. हिंडाफिरा, हलकी कामं करा, वाकून काही उचलू नका. पाय बधिर वाटला, पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र मला शोधत बसू नका. थेट सेक्टर 9 चं मोठं रुग्णालय गाठा."

'हलकी कामं' हे शब्द सौभाग्यवतींनी किती लक्षपूर्वक ऐकले याचा प्रत्यय मला घरी पोहोचताच आला. भाजीची पिशवी दारामागच्या खुंटीवरून काढून माझ्या हाती देण्यात आली. फिनलंडच्या त्या शास्त्रज्ञांना घरोघरच्या पुरुषांचा केवढा मोठा हक्क आपण बुडविला याची कल्पना नसावी.

डॉक्टरांनी आणखीही एक गोष्ट सांगितली, जिने मात्र माझ्या जखमी अभिमानावर फुंकर घातली. स्वीडनमधील नाखेमसन नावाच्या शल्यवैद्याने 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधील गादीत सुई खुपसून तिच्यातील दाब मोजला; तेव्हा असे आढळले की उभे राहण्यापेक्षा बसल्यावर हा दाब अधिक असतो, आणि बसून पुढे वाकल्यावर तर आणखी वाढतो. म्हणजे क्रेनवाले सरदारजी उभ्याने मालवाहतूक करीत असता, मी टेबलाशी बसून, पुढे वाकून, त्यांच्या मालवाहतुकीचा जमाखर्च लिहीत अधिक जोखमीचे काम करीत होतो! मी ही शास्त्रीय वस्तुस्थिती त्याच सायंकाळी सरदारजींच्या कानी घातली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि शांतपणे विचारले, "फिर कूलर किसने चढ़ाया?"

कूलर त्यांनीच चढविला होता. मी डॉक्टरांकडे गेलो असता फिटरच्या मदतीने त्यांनी आधी त्याच्या टाकीतील पाणी काढले, मग दोघांनी गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून तो उचलला, आणि चहा गार होण्यापूर्वी खिडकीशी बसवून दिला.

डॉक्टरांची ती भेट संपताना घडलेला एक लहानसा प्रसंग सांगून टाकतो. मंडळी पुढे गेली होती. मी दाराच्या चौकटीस धरून चपलेत पाय शोधीत होतो. डॉक्टर जवळ आले, त्यांनी मागे वळून आपली पत्नी ऐकत नाही ना याची खातरजमा केली, आणि आवाज उतरवून म्हणाले,

"भाऊ, सहज विचारतो. ते पायाळू गृहस्थ कोणत्या सडकेवर राहतात?"

"का हो?"

"परवा गॅसचं सिलिंडर सरकवलं." त्यांनी स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. "मला ठाऊक आहे की बरं होईल. पण बायको ऐकत नाही."

भरलेले सिलिंडर, आतील 14.2 किलो वायू धरून, तीस किलोंच्या घरात जाते, आणि ते सरकविण्यापूर्वी डॉक्टरांनीही कोणास हाक मारली नव्हती. मी त्यांना दादांचा पत्ता दिला व ते लेफ्ट बॅक होते हेही सांगितले. ते म्हणाले, कोणाजवळ बोलू नका. मी बोललो नाही. आमच्या भांडीवालीचे मात्र त्यांच्याकडेही काम आहे.

या साऱ्या प्रकारातून मी ज्या निर्णयाप्रत आलो तो वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे नोंदवितो. आपल्या लोकांत परोपकाराची वाण मुळीच नाही. उणीव आहे ती वेळेच्या हिशेबाची. कमरेत चमक भरली की जी ताकदीची माणसे धावत येतात, त्यांच्यातील कोणतीही दोन माणसे तासभर आधी आली असती तर चमक भरण्याचे कारणच उरले नसते. पण आधी हाक मारणे आपणांस कमीपणाचे वाटते, आणि हाकेवाचून येणे त्यांना आगाऊपणाचे वाटते. तेव्हा यापुढे घरात कूलर, कपाट, सिलिंडर अथवा गव्हाचे पोते हलवावयाचे झाल्यास एवढेच करावे : तुमची कंबर धरल्यावर जे सल्ला देण्यास येतील त्यांची नावे मनाशी आणावीत, आणि त्यांतील धडधाकट अशा दोघांना आधीच बोलवावे. नंतर ते येणारच आहेत.